नाव पाठवा

प्रत्येक विभागाने एका ‘विभागीय सुरक्षा समन्वयका’चं नाव कळवावं, असं परिपत्रक मी विद्यापीठाच्या ३४ विभागांना काढलं होतं. त्याला आलेलं पहिलं उत्तर भूगोल विभागाचं होतं, तेही तिसऱ्याच दिवशी. मला कौतुक वाटलं. आमच्याकडे इतक्या लवकर उत्तर येतं ते फक्त महागाई भत्त्याच्या थकबाकीसंबंधीच्या पत्राला. ‘विभागीय सुरक्षा समन्वयक’ म्हणून ज्या सरांचं नाव कळवलं होतं, ते त्याच महिनाअखेरीस निवृत्त होत होते. त्यांच्या निवृत्तिवेतनाची नस्ती माझ्याच टेबलावर, त्या पत्राच्या बरोबर खाली होती.

दुसऱ्या पत्रात घड्याळी तासिकेवर शिकवणाऱ्या एका मॅडमचं नाव. त्यांची नेमणूक मार्चमध्ये संपायची. तिसऱ्यात दोन वर्षांच्या लिएनवर, म्हणजे इथलं पद राखून, परगावी गेलेले एक सर. आणि चौथं पत्र तर मी अजून जपून ठेवलंय: “आमच्या विभागास स्वतंत्र सुरक्षा रक्षक मंजूर नसल्याने नाव कळविता येत नाही. सबब, एक पद मंजूर व्हावे, ही विनंती.”

यात चूक त्यांची नव्हती, माझी होती. मराठीत ‘सुरक्षा’ म्हटलं की डोळ्यांपुढे काठी, शिट्टी आणि गेटवरची नोंदवही येते. चोरापासून राखायचं तीही सुरक्षा, आणि आगीपासून, आम्लापासून, विजेच्या धक्क्यापासून माणसाला जपायचं तीही सुरक्षाच. आमचे सुरक्षा अधिकारी लष्करातून निवृत्त झालेले. परिपत्रक निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन बसले. “मॅडम, माझं काम काढून ३४ मास्तरांना वाटलंत म्हणे?” त्यांना चहा पाजून समजूत घालण्यात अर्धा तास गेला, आणि निघताना त्यांनी “तरी पण लेखी द्या” असं म्हटलंच.

मी तेव्हा उपकुलसचिव होते, सामान्य प्रशासन विभागात. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. महाराष्ट्रातलं कुठलंही धरा, फार फरक पडणार नाही.

हे सगळं सुरू झालं २०२२च्या दिवाळीनंतर. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.ची एक मुलगी अ‍ॅसिटोनने काचेचं सामान विसळत होती. शेजारच्याच ओट्यावर कुणाची तरी हॉटप्लेट चालू राहिली होती. अ‍ॅसिटोनची वाफ दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, ओट्यावरून पसरत जाते. भडका उडाला आणि तिच्या ओढणीने पेट घेतला. मैत्रिणीने प्रसंगावधान राखून स्वतःचा कोट काढून तिच्या हातावर गुंडाळला म्हणून कोपरापर्यंतच निभावलं. अग्निशामक नळकांडं प्रयोगशाळेत होतं, पण कपाटाच्या मागे, आणि कपाटात पुस्तकं. प्रथमोपचार पेटीला कुलूप होतं आणि किल्लीवाले बँकेत गेले होते. मुलगी बरी झाली, पुढे परीक्षाही दिली. हातावर डाग राहिला.

कुलगुरूंनी बैठक बोलावली. त्यांचा प्रश्न एकच होता: “तिथली सुरक्षा कोणाकडे आहे?” विभागप्रमुखांनी प्रयोगशाळा प्रभारींकडे पाहिलं, प्रभारींनी अभियंत्यांकडे, अभियंत्यांनी माझ्याकडे. मी डायरीत पाहिलं. डायरीत पाहण्यासारखं काहीच नव्हतं. कुलगुरू म्हणाले, “पंधरा दिवसांत प्रत्येक विभागातून एक माणूस नेमा. नाव मागवा.”

कुठलंही पद निर्माण करायचं म्हणजे आधी कायदा शोधायचा, ही आमची सवय. शोधायला बसले आणि चक्रावले. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८चं कलम ४०-ब सांगत होतं की हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमायलाच हवा. शेजारच्या एमआयडीसीत तसे अधिकारी आहेत, पात्रता ठरलेली, कामं ठरलेली. पण विद्यापीठ कारखाना नव्हे, आणि विद्यार्थी कामगार नव्हे. त्याच एमआयडीसीतला एखादा कामगार जे आम्ल हाताळतो तेच आम्ही एकोणीस वर्षांच्या पोरांच्या हातात देतो, पण त्या आम्लावर देखरेख करणारा माणूस नेमा असं मला त्या कलमात कुणी सांगत नव्हतं.

काही खास गोष्टींसाठी मात्र नियम चोख निघाले. किरणोत्सर्गी स्रोत असेल तर २००४च्या नियमांप्रमाणे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी लागतो, आणि त्याला मान्यता द्यायची ती मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने. म्हणजे ‘नाव पाठवा’ म्हणून चालत नाही, माणसाची पात्रता बघितली जाते. जनुकीय काम असेल तर १९८९च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती हवी, तिच्यावर केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला सदस्य. आगीसाठी महाराष्ट्राचा २००६चा कायदा आहे. परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत नमुना ‘ब’, म्हणजे आगीची उपकरणं चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यायचा. तो आमच्या फायलीत होता, अगदी जुलैचा. कपाटामागचं नळकांडंही त्यात मोजलेलं होतं.

भौतिकशास्त्रातले एक सर ब्रिटनमध्ये चार वर्षं राहून आलेले. त्यांनी सांगितलं की तिकडचा १९७४चा कायदा कामाच्या सगळ्या जागांना लागू आहे, विद्यापीठंही त्यात आली, आणि जे कर्मचारी नाहीत त्यांच्या जिवाची काळजीही मालकानेच घ्यायची. त्यांच्या विभागात सेफ्टी ऑफिसर म्हणून एक तंत्रज्ञ होते. “तो मला चपलांवरून परत पाठवायचा, मॅडम. मी पोस्ट-डॉक, तो तंत्रज्ञ. पण जायचो गुपचूप, बूट घालून यायचो.” मग म्हणाले, “तिथे हेडला काम वाटून देता येतं, जबाबदारी नाही.” हे वाक्य मी पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.

एक गोष्ट माझ्या मनात आधीपासून होती, ती २०१०ची. मी तेव्हा भांडार विभागात अधीक्षक होते. एप्रिल महिना, आणि मी जुन्या सामानाच्या लिलावाची टिपणी लिहीत होते: लोखंडी कपाटं इतकी, पंखे इतके, उपकरणं ‘निर्लेखित’, म्हणजे नोंदीतून काढून टाकलेली, इतकी. त्याच दिवसांत दिल्लीतल्या मायापुरीची बातमी आली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक गॅमा यंत्र, आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-६०, १९८५पासून वापरात नव्हतं. पंचवीस वर्षं एका खोलीत पडून होतं. फेब्रुवारीत भंगाराच्या लिलावात ते विकलं गेलं. भंगारवाल्यांनी कापलं. बरेच जण रुग्णालयात गेले, एक जण वाचला नाही. ती बातमी वाचून मी माझी टिपणी परत घेतली आणि प्रत्येक उपकरणापुढे ‘हे नक्की काय आहे’ असा रकाना वाढवला. वरिष्ठ वैतागले होते. तेरा वर्षांनी तोच रकाना मला माणसांच्या यादीपुढे वाढवावासा वाटत होता. हे समन्वयक नक्की कोण आहेत?

दोन स्मरणपत्रांनंतर ३४पैकी २९ नावं आली. बहुतेक नावं वाचली की विभागाचं अंतर्गत राजकारण कळायचं. नवा लागलेला, भांडकुदळ म्हणून बाजूला ठेवलेला, किंवा बैठकीला गैरहजर असलेला. मराठी विभागाच्या प्रमुखांनी पत्राखाली हाताने लिहिलं होतं, “आमच्याकडे फक्त कवितांचे स्फोट होतात, तरी नियमाप्रमाणे नाव देत आहे.”

मी ठरवलं, आता यादी टंकायला द्यायची नाही. आधी फिरायचं.

कनिष्ठ अभियंत्याला बरोबर घेतलं आणि रोज दुपारी दोन विभाग असा क्रम लावला. मराठी विभागात खरंच रसायन नव्हतं. पण वरच्या मजल्यावरचा मागचा जिना, आग लागली तर उतरायचा, तो तीस वर्षांच्या प्रबंधांच्या गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरला होता. त्यावर जुन्या उत्तरपत्रिका. खालच्या दाराला कुलूप, आणि त्याला लागून फ्यूजची पेटी, जिच्या एका वायरचं वेष्टण वितळून काळं झालेलं. कवितांचे स्फोट लिहिणारे सर माझ्याबरोबर होते. त्यांनी फ्यूजपेटी पाहिली, गठ्ठ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, “यात माझाही प्रबंध आहे.” त्यानंतर या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त मदत त्यांनी केली. जिना आठवड्यात मोकळा झाला.

प्राणिशास्त्र विभागात मी नवव्या दिवशी पोचले. त्यांचं पत्र होतं की विभागात धोकादायक पदार्थ नाहीत, फॉर्मॅलिन वगळता. समन्वयक म्हणून चार महिन्यांपूर्वी रुजू झालेले एक तरुण सर. ते मला संग्रहालय दाखवत होते, बरण्यांतले साप, कासवाचं कवच, आणि मी उगाच एका बंद खोलीकडे बोट केलं. “ते जुनं स्टोअर आहे. मामांकडे किल्ली असते,” सर म्हणाले.

मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला वर्षभर उरलेलं. त्यांनी किल्लीचा जुडगा काढला, दार उघडलं, दिवा लावला आणि माझ्यापुढे हात आडवा धरला.

“मॅडम, त्या कोपऱ्यातल्या कपाटापाशी जायचं नाही.”

काचेच्या दाराचं सागवानी कपाट. काचेवर आतून चिकटवलेला कागद: ‘हात लावू नये. हुकमावरून.’ अक्षर मामांचंच. कागदाच्या कडेने मी डोकावले. तिसऱ्या फळीवर तपकिरी काचेची एक बाटली, लेबल कसरीने खाल्लेलं, आणि झाकणाभोवती पिवळी खपली. वाळलेल्या हळदीसारखी, फक्त जरा चमकणारी. झाकणाच्या आट्यांमधून बाहेर आलेले बारीक खडे.

“पिक्रिक,” मामा म्हणाले.

तरुण सरांचा चेहरा बदलला. मला वाणिज्य शाखेच्या पदवीमुळे काही कळलं नाही, तेव्हा त्यांनीच कुजबुजत सांगितलं. पिक्रिक आम्ल. पेशींचे नमुने टिकवायला ‘बोइन्स फ्लुइड’ करतात, त्यात घालतात. प्राणिशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळांत असतंच. ओलं असतं तोवर गरीब असतं. वाळलं की स्फोटक. टीएनटीचं भावंड. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांमध्ये हेच भरत. झाकणाच्या आट्यांत खडे धरले असतील तर नुसतं झाकण फिरवायला गेलं तरी घर्षणाने उडू शकतं. आणि आम्ही तिघं त्याच्यापासून सहा फुटांवर उभे राहून कुजबुजत होतो, जणू आवाजाने काही होणार होतं.

बाहेर आल्यावर मामांनी पूर्ण हकिकत सांगितली. पूर्वी इथे एक बाई होत्या, फार शिस्तीच्या. त्यांनी मामांना शिकवलेलं की या बाटलीत दर वर्षी पाणी घालायचं. विसरू नये म्हणून दिवस ठरवून दिला संक्रांतीचा. बाई निवृत्त झाल्या. मामांनी नेम सोडला नाही. दर संक्रांतीला सकाळी घरून निघताना तिळगूळ खिशात घ्यायचा, इथे येऊन आधी बाटलीत पाणी घालायचं, मग तिळगूळ वाटायचा. मग टाळेबंदी आली. २०२१च्या संक्रांतीला मामा गावी होते. परत आले तेव्हा झाकण हलेना.

“मी जोर नाही लावला. बाईंनी सांगितलेलं, अडलं तर सोडून द्यायचं, आणि वर कळवायचं.”

“मग कळवलंत?”

“तीन वेळा. एकदा लेखी.”

अर्ज विभागाच्या आवक नोंदवहीत होता. मी क्रमांकासकट पाहिला. शेरा होता, ‘पाहिले. नस्ती करावी.’

“आणि विद्यार्थी? ते नाही जात तिकडे?”

“त्यांना सांगितलंय, आत विंचू निसटलाय.”

अडीच वर्षं प्राणिशास्त्र विभागाची सगळी सुरक्षा त्या एका खोट्या विंचवावर उभी होती.

त्या दिवशी इमारत रिकामी केली. जिल्हा पोलिसांचं बॉम्बशोधक व नाशक पथक आलं. बी.एस्सी.चं प्रात्यक्षिक अर्ध्यावर थांबलं, मुलं वडाखाली जमून मोबाइलवर शूटिंग करायला लागली, तेव्हा आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यांना शिट्टी फुंकून मैदानापलीकडे नेलं. त्या दिवशी ते फार कामाला आले, हे नमूद करायला हवं. पथकाच्या हवालदारांनी सगळ्यात आधी मामांना विचारलं, बाटली शेवटची कधी हलवली, किती भरलेली होती, झाकण धातूचं की प्लास्टिकचं. मामांना सगळं तोंडपाठ होतं. पथकाच्या माणसांनी ती अख्खी बाटली आधी पाण्यात बुडवून ठेवली, बराच वेळ, आणि मग गाडीतून घेऊन गेले. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. विभागप्रमुख मला म्हणाले, “आमच्या पत्रात फॉर्मॅलिनचा उल्लेख होता बरं का.”

रात्री घरी आल्यावर मी परिपत्रकाचा मसुदा नव्याने लिहायला घेतला. पहिल्या परिपत्रकातली अट होती, समन्वयक ‘नियमित, पूर्णवेळ शिक्षक’ असावा. म्हणजे जो माणूस एकतीस वर्षं हे काम करत होता तो माझ्या अटीत बसत नव्हता. आणि नियमित शिक्षक स्टोअरची किल्ली कोणाकडे असते ते विचारून सांगत होते.

म्हणून जोडी केली. प्रत्येक विभागातून एक शिक्षक आणि एक तांत्रिक किंवा चतुर्थश्रेणी कर्मचारी, दोघांची नावं एकाच आदेशात, एकाच आकाराच्या अक्षरात. हे शेवटचं मी टंकलेखकाला बजावून सांगितलं. नाव पाठवताना विभागाने एवढंच लिहायचं: या माणसाने विभागातली प्रत्येक खोली गेल्या वर्षभरात उघडून पाहिली आहे का? पदनामही बदललं, ‘आरोग्य व अपघात-प्रतिबंध समन्वयक’. ते कोणीच वापरत नाही. सगळे ‘सेफ्टीवाले’ म्हणतात. इंग्रजी शब्दाने निदान सुरक्षा अधिकाऱ्यांचं मन राखलं.

खरी मारामारी झाली ती एका ओळीवरून. मी लिहिलं होतं की तातडीचा धोका दिसला तर समन्वयकाला काम थांबवता येईल. विधी अधिकाऱ्यांनी त्यावर लाल रेघ मारली. “अधिकार दिला की दायित्व आलं. उद्या कोणी सहायक प्राध्यापक विभागप्रमुखाची प्रयोगशाळा बंद करील.” मी म्हटलं, करावीच. समितीत एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, संशोधनात जोखीम असतेच. मी टिपणीला एक परिच्छेद जोडला होता, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ५ डिसेंबर २०१८ला झालेल्या हायड्रोजन सिलिंडरच्या स्फोटाचा. एक तरुण संशोधक जागीच गेला, तिघे जखमी. देशातली पहिल्या क्रमांकाची संस्था. तो परिच्छेद वाचला गेला, थोडी शांतता झाली, आणि मग चहा आला. आमच्याकडे चहा आला की विषय पुढच्या बैठकीत जातो.

पुढच्या बैठकीत तोडगा निघाला तो मराठी विभागाच्या सरांच्या भाषेमुळे. त्यांनी वाक्य असं फिरवलं: “तातडीचा धोका आढळल्यास समन्वयक ते काम जागच्या जागी थांबवतील. काम पुन्हा सुरू करण्याची परवानगी विभागप्रमुख लेखी देतील.” विधी अधिकारी खूश, कारण अंतिम अधिकार प्रमुखाकडे राहिला. मी दुप्पट खूश. आमच्याकडे तोंडी परवानगी कोणीही देतो. “हे सुरक्षित आहे” असं लिहून खाली सही कोण करणार? त्याच्याखाली मी पाकिटामागचं वाक्य घातलं: काम वाटून दिल्याने विभागप्रमुखाची जबाबदारी कमी होणार नाही.

या वाक्यामुळे कर्मचारी संघटनाही वळली. त्यांचे सरचिटणीस आधी तावातावाने आले होते. “अपघात झाला की चौकशी आमच्या माणसाची, निलंबन आमच्या माणसाचं. वर घंटाही आमच्याच गळ्यात बांधताय?” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी आजवर जेवढ्या चौकश्या पाहिल्या त्यांत पहिली नोटीस खालपासूनच निघते. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: जबाबदारीचं वाक्य आदेशात, वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, आणि दरमहा मानधन. शिक्षकांना आठवड्याला दोन तासिकांची सूट मिळाली होती, मग परिचरांना काय? पहिल्या दोन मान्य झाल्या. मानधन दरमहा एक हजार, व्यवस्थापन परिषदेने तत्त्वतः मंजूर केलं. ‘तत्त्वतः’ या शब्दाबद्दल पुढे सांगते.

प्रशिक्षण दोन दिवसांचं ठेवलं. त्याचा वृत्तान्त देत नाही, उद्घाटन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ हे सगळं झालंच (सभागृहात समई पेटवून अग्निसुरक्षेचं उद्घाटन झालं, अग्निशमन दलाचे जवान गालात हसत होते). पण मैदानावर ट्रेमध्ये डिझेल पेटवून प्रत्येकाच्या हातात नळकांडं दिलं, तेव्हा कळलं की वीस-वीस वर्षं नोकरी झालेल्यांपैकी बहुतेकांनी त्याची पिन कधी ओढलेली नाही. मीही नव्हती ओढली. ज्वाळेवर नाही, ज्वाळेच्या बुडाशी मारायचं, हे ऐकायला सोपं आहे. माझी पहिली पिचकारी वाऱ्याने माझ्याच साडीवर आली.

दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राच्या एका मॅडमनी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान यांची हकिकत सांगितली. विषारी धातूंवरच्या नामवंत अभ्यासक. १९९६च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. मोजा लॅटेक्सचा होता. ते द्रव्य लॅटेक्समधून बघता बघता आरपार जातं, हे तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्या गेल्या. मॅडम एवढं बोलून थांबल्या आणि टेबलावर आमच्या विद्यापीठाने पुरवलेल्या हातमोज्यांची पेटी ठेवली. लॅटेक्स. सगळ्या विभागांना एकच, सगळ्या रसायनांना एकच, कारण निविदेत सगळ्यात कमी दर त्याचाच. खरेदी समितीवर मीही बसते. मी तिथल्या तिथे वहीत लिहिलं की हातमोज्यांची मागणी विभागवार, रसायनाप्रमाणे घ्यायची. ते मात्र लवकर झालं, दीड महिन्यात.

आदेश निघाल्यावर सातव्या आठवड्यात त्या एका ओळीची परीक्षा झाली. भौतिकशास्त्र विभाग. समन्वयक तिशीतल्या मॅडम, जोडीला एक प्रयोगशाळा सहायक. सहायकांना सकाळी दिसलं की एका वातानुकूलित बंद खोलीत हायड्रोजनचा लाल सिलिंडर दाराशेजारी नुसता उभा आहे. साखळी नाही, वरची टोपी काढलेली, आणि बाजूला बॅगा ठेवायची जागा. कोणाचा धक्का लागून आडवा झाला आणि तोटी तुटली तर ते धूड रॉकेटसारखं सुटतं. बंद खोलीत वायू साठला तर वेगळंच. मॅडमनी खोलीवर कागद लावला आणि कुलूप घातलं. खोली एका फार ज्येष्ठ सरांची.

साडेअकराला माझा फोन वाजला. “मी तीस वर्षं सिलिंडर वापरतोय. त्या मुलीला माझ्या हाताखाली पीएच.डी. मिळाली आहे.” मी म्हटलं, सर, आदेशात लिहिलंय, विभागप्रमुखांनी लेखी परवानगी दिली की लगेच उघडेल. पंधरा मिनिटांनी विभागप्रमुखांचा फोन. “मॅडम, तुम्हीच जरा तोंडी सांगा ना तिला.” मी म्हटलं, तोंडी नाही चालत, तुम्ही फक्त एक ओळ लिहा की आहे त्या स्थितीत सिलिंडर सुरक्षित आहे. “बघतो,” म्हणाले.

चार दिवस खोली बंद राहिली. त्या चार दिवसांत त्या मॅडम एकट्याच कँटीनमध्ये चहा प्यायच्या, हे मला नंतर सहायकांनी सांगितलं. पाचव्या दिवशी सुतार आला, भिंतीला कडी ठोकली, हार्डवेअरच्या दुकानातून साखळी आणली. किरकोळ खर्चातून, रुपये ३८०. सिलिंडर पुढे खोलीबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात हलवला. वायुगळती सांगणारं यंत्र यायला सात महिने लागले. ज्येष्ठ सर मॅडमशी अजून बोलत नाहीत, पण दुसऱ्या एका प्रयोगशाळेत साखळी नाही म्हणून त्यांनीच तक्रार केली, लेखी.

सगळं असं झालं नाही. दोन विभागांनी अजून नावं दिलेली नाहीत. एका जोडीतले दोघे एकमेकांशी बोलत नसल्यामुळे दोन वेगवेगळे अहवाल येतात, त्यातले दोष मात्र तेच असतात. डोळे धुण्याचे नळ बसवले, तर दोन ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांत गंजाचं पाणी येतं. दर सोमवारी सोडून बघायचं ठरलं आहे, आणि काही सोमवारी ते होतं.

मामा पुढच्या जूनमध्ये निवृत्त झाले. निरोप समारंभात विभागप्रमुखांनी त्यांचं वर्णन ‘विभागाचे सुरक्षा समन्वयक’ असं केलं, तेव्हा मागे बसलेल्या मुलांपैकी कोणी तरी “आणि विंचू!” असं ओरडलं आणि मामा हसत सुटले. जाण्याआधी दोन दिवस त्यांनी नव्या मुलाला स्टोअरमध्ये नेऊन फळीन् फळी दाखवली. तरुण सर वही घेऊन बरोबर होते. ईथरचे डबे कधी उघडले त्याची तारीख, सोडियम कोणत्या तेलात आहे, कोणता ड्रॉवर अडकतो आणि का. वही भरली, उन्हाळ्याच्या सुट्टीत टंकून झाली, आता प्रवेशदाराशी लटकवलेली आहे. पिक्रिक आता विभागात नाही, तरी नव्या मुलाने दिनदर्शिकेत संक्रांतीच्या चौकटीत ‘स्टोअर’ असं लिहून ठेवलंय.

मानधनाचं राहिलं. मामा गेले तेव्हा त्यांचे अकरा महिन्यांचे पैसे यायचे होते. वित्त विभागातून नस्ती तीनदा परत आली. पहिला आक्षेप: परिषदेची मान्यता तत्त्वतः आहे, प्रत्यक्ष नाही. त्याचं उत्तर दिलं. दुसरा: मानधनाचा दर कोणत्या शासन निर्णयानुसार? त्याचंही दिलं. तिसरा: सदर खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा? यावर मी थकले आणि लिहिलं, लेखा विभागानेच सुचवावे. महिन्याभराने नस्ती मंजूर होऊन आली. मी मामांना फोन करून कळवलं, ते शेतात होते, “बरं बरं” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनचं दार उघडलं आणि सुरक्षा अधिकारी समोर येऊन बसले. हातात वित्त विभागाच्या पत्राची प्रत. खर्च ‘सुरक्षा’ या लेखाशीर्षाखाली टाकला होता.

“मॅडम,” ते म्हणाले, “आधी काम, आता पैसे?”

मी चहा सांगितला.